वर्धा–वरोरा: कोळशासाठी टाकलेली लाइन आणि तिच्यावरून धावणारी जीटी (ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस)

रुळावरचा

दिल्लीहून चेन्नईला निघालेली गाडी नागपूर सोडल्यावर सेवाग्रामपाशी दक्षिणेला वळते आणि हिंगणघाट, वरोरा, भांदक, चंद्रपूर करत बल्लारशाहला पोचते. नकाशात हा मार्ग इतका सरळ दिसतो, की कुणीतरी दिल्ली आणि मद्रास जोडायचे म्हणून पट्टी ठेवून रेघ मारली असावी असे वाटते. तसे काही नव्हते. ही लाइन झाली तेव्हा ती वरोऱ्याला संपत होती. शेवटी होती एक सरकारी कोळसा खाण, आणि लाइनचे नावही सरळच होते: वर्धा कोल स्टेट रेल्वे.

थोडी पार्श्वभूमी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे भुसावळवरून वर्धा गाठून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. गाड्या आल्या, पण इंजिनाच्या पोटात घालायचे काय? विलायती कोळसा जहाजाने मुंबईला यायचा आणि तिथून घाट चढून शेकडो मैल आत न्यावा लागायचा. बंगालचा कोळसा होता, पण नागपूरहून थेट बंगालकडे जाणारा रूळ नव्हता. १८७० मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन आणि जीआयपी यांची गाठ पडली, तरी राणीगंजचा कोळसा अलाहाबाद, जबलपूर, इटारसी असा वळसा घालूनच येणार. बंगाल–नागपूर रेल्वेचा थेट रस्ता उघडायला १८९१ उजाडले. म्हणजे मधली वीसेक वर्षे मध्य प्रांतात जिथे कोळसा सापडेल तिथे सोने सापडल्यासारखेच होते.

तो सापडला चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ ची. पण बैलगाडीने कोळसा नेणे म्हणजे कोळशापेक्षा बैलांच्या कडब्याचा हिशेब मोठा. म्हणून वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांची लाइन टाकली आणि १८७७ पर्यंत ती चालू झाली.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे ही कंपनीची नाही, सरकारची लाइन होती. आधीच्या रेल्वे कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती. तोटा झाला तर तो हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघायचा, त्यामुळे खर्चाला धरबंध नव्हता. १८६९ च्या सुमारास सरकारने ठरवले की यापुढे काही लाइनी आपणच बांधू. वर्धा कोल ही त्या पिढीतली. दुसरी गोष्ट गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची. त्या काळातल्या बऱ्याच सरकारी लाइनी काटकसर म्हणून मीटरगेज केल्या, ही मात्र जीआयपीसारखीच ब्रॉडगेज. त्यामुळे खाणीवर भरलेली वाघीण (मालडबा) वर्ध्याला रिकामी न करता तशीच पुढे जाऊ शकत होती. वरोऱ्याचा कोळसा आधीच ठिसूळ. त्याची मध्येच एकदा चढउतार झाली असती तर पलीकडे बुकीच पोचली असती.

वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. कोळशासाठी टाकलेली लाइन कोळसा संपल्यावर उखडली जायला हवी होती, पण घडले उलटेच. दक्षिणेला बल्लारपूरला नवी खाण सुरू झाली आणि रूळ तिच्या मागे गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चांद्यावरून बल्लारपूरपर्यंत आणखी अडतीसेक मैलांची भर पडली. पुढे निजामाच्या रेल्वेने काझीपेठहून वर येत १९२९ च्या सुमारास बल्लारशाह गाठले, आणि खाणीचा हा फाटा एकाएकी उत्तर–दक्षिण मुख्य मार्ग झाला. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस त्याच सुमाराची.

माझे म्हणणे एवढेच, की हा मार्ग कुणी योजून केलेला नाही, तो खाणीमागून खाणीकडे सरकत गेलेला आहे. तिकडच्या लोकांनी भर घालावी. वरोऱ्यातल्या जुन्या खाणीविषयी आणि माजरी–वणी फाट्याविषयी विशेष.

मीरा_चां

वाचतेय. जन्म चंद्रपूरचा, आयुष्यभर त्या लाइनवरून ये-जा केली आणि यातले निम्मे माहीत नव्हते. सविस्तर नंतर लिहिते.

पऱ्हाटी

लेख चांगला आहे, पण हिंगणघाटवर अन्याय झालाय. तुम्ही त्याला 'मार्गे' या एका शब्दात उडवलंत!

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते ६५. तिकडचा कापूस थांबल्यावर मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आणि वर्ध्याच्या खोऱ्यावर पडली. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावानिशी विकला जात होता, बाजारात 'हिंगणघाट' ही एक जातच होती. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा काढला १८६२ मध्ये. वर्धा गाव तर पालकवाडीच्या जागी आखून वसवलं १८६६ मध्ये. ही सगळी धावपळ कापसाची. वणा नदीवरच्या इतक्या मोठ्या बाजारपेठेतून रूळ गेले ते काय वरोऱ्याच्या वाटेत ती आली म्हणून? कोळसा हे निमित्त, पोतं कापसाचं.

आणि १८८१ मध्ये हिंगणघाटला कापडगिरणी उभी राहिली. कापूस दारात, कोळसा दोन-तीन तासांवर. गिरणीवाल्याला आणखी काय पाहिजे?

रुळावरचा

पऱ्हाटी, मुद्दा निम्मा मान्य. हिंगणघाट नसते तर लाइन कदाचित थोडी वेगळी वळली असती, आणि परतीचा माल म्हणून कापसाने तिला पोसले हेही खरे. पण निव्वळ कापसासाठी सरकारने स्वतःच्या खिशातून ही लाइन हिंगणघाटच्या पुढे नेली नसती. हिंगणघाट ते वर्धा कापूस गाड्यांनी येतच होता, तो वाळलेला माल, हलका आणि महाग. कोळशाचे तसे नाही. स्वस्त आणि जड माल रुळाशिवाय हलतच नाही. म्हणून वरोऱ्यापर्यंतचा पुढचा भाग निखळ कोळशाचा, यावर मी ठाम आहे.

भूस्तर

दोघांचे भांडण जमिनीनेच मिटवले आहे :)

वर्ध्याहून निघालात की हिंगणघाटच्याही पुढे बराच वेळ खाली काळा बेसॉल्ट आहे, म्हणजे दख्खनच्या पठाराचा पूर्वेकडचा पदर. त्याची झीज होऊन काळी माती झाली आणि त्या मातीत कापूस. वरोऱ्याच्या आसपास हा पदर विरळ होतो आणि गोंडवाना काळातले वाळूचे खडक लागतात. त्यातल्या बाराकर थरांत कोळसा. म्हणजे एकाच लाइनचा अर्धा भाग कापसावर आणि अर्धा कोळशावर. गाडीतून शेतांचा रंग पाहत गेलात तरी फरक लक्षात येतो.

गंमत अशी की वरोऱ्याच्या उत्तरेलाही बेसॉल्टच्या खाली कोळसा असू शकतो, पण त्या काळी तेवढे खोल जाण्याची सोय नव्हती. जिथे वरचे झाकण उघडे, तिथेच खाण. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूज यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळसा क्षेत्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो १८७७ चा, म्हणजे लाइन आणि अहवाल हातात हात घालून चाललेले.

कोळशाच्या प्रतीविषयी: वर्धा खोऱ्याच्या कोळशात ओलावा भरपूर आणि राखही बरीच. उघड्यावर ढीग करून ठेवला तर हवेशी संयोग होऊन आतल्या आत तापतो आणि आपोआप पेट घेतो. शिवाय त्याचा कोक, म्हणजे लोखंड वितळवायला लागणारा भाजलेला कोळसा, होत नाही. हा शेवटचा दोष पुढे फार महागात पडला. पण त्यावर टाटानगरी लिहितील, ते धाग्यावर डोकावून गेलेले दिसतात.

टाटानगरी

सापडलो. जमशेदपुरात राहणारा मराठी माणूस या विषयावर गप्प बसणे कठीणच.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. लोक मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढणाऱ्या माणसाला वेड्यात काढत होते. पण कापूस जवळ, रेल्वे जवळ, आणि वरोऱ्याचा कोळसा हाताशी, अशी त्या निवडीची कारणे सांगितली जातात. वर्धा कोल लाइन आणि एम्प्रेस मिल एकाच वर्षातल्या, हे आजवर माझ्या डोक्यातच आले नव्हते.

आता लोखंड. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ यांचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. तिथल्या लोहारा गावचे खनिज उत्तम, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे आहेच. पोलादाचा कारखाना चांद्यातच का नको? त्यांनी नमुने जर्मनीला तपासायला पाठवले. उत्तर आले की हा कोळसा लोखंड वितळवायला चालणार नाही. तिथे तो विचार बारगळला, त्यात सरकारचे खाणीचे नियमही जाचक.

नियम सैल झाल्यावर, नव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा आणि अमेरिकी भूवैज्ञानिक वेल्ड पुन्हा चांद्याच्या जंगलात हिंडले. बैलगाडीतून. पुन्हा तेच, काम भागण्यासारखे नाही. मग नागपुरात साहेबाची वाट बघता बघता दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूगर्भीय नकाशात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाची गडद खूण त्यांना दिसली. तेच डल्ली-राजहरा, जिथले खनिज आज भिलाईला जाते. तिथेही जवळ कोळसा नव्हता. शेवटी भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांच्या पत्रावरून ओडिशातले मयूरभंज, आणि मग साकची, म्हणजे आजचे जमशेदपूर. इथे पहिले लोखंड निघाले १९११ मध्ये.

वरोऱ्याच्या कोळशाचा कोक झाला असता तर मी आज कुठे राहत असतो, याचा विचार करतोय.

वरोरेकर_भाऊ

राजेहो, आमच्या वरोऱ्यात राहिले असते अन् काय! पाण्याची बोंब अन् ४७ चा उन्हाळा. जमशेदपूर बरं हाय.

रुळावरचा भाऊंनी जुन्या खाणीचं विचारलं. आमच्या इकडच्या म्हाताऱ्या माणसाइच्या तोंडी खाणीचं नाव अजून हाय, पण वर दाखवाले म्हणून फार काही उरलं नाही. ज्यायले पाहाची हौस असन त्यायनं एकट्यानं हिंडू नोका. जुन्या भूमिगत खाणीच्या वरची जमीन कधी बसन सांगता येत नाही.

बाहेरचे लोकं वरोरा म्हटलं का आनंदवनच वयखतात. बाबा आमट्यायनं ते वसवलं ते खाण बंद झाल्यावर चाळीसेक वर्षानं. त्याच्या आधी वरोरा म्हणजे कोळसाच होता हे कोनाले आठवत नाही. अन् आता पुन्हा कोळसा आला हाय, एकोण्याची खुली खाण हाय ना. गाव फिरून तिथंच आलं.

जुनी_केबिन

रेल्वेच्या परिचालन खात्यात होतो, या सेक्शनवर बरीच वर्षे काढली. तांत्रिक बाजू थोडी सांगतो.

वाफेच्या काळात चार चाकी वाघिणी असायच्या, एकीत बावीसेक टन माल. भरणी माणसांनी, टोपल्यांनी, त्यात बायाच जास्त. एक गाडी भरायला किती वेळ लागेल याचा भरवसा नसे. आज बॉक्सएन वाघिणीत अठ्ठावन्न-साठ टन जातात आणि अशा अठ्ठावन्नच्या आसपास वाघिणींचा एक रेक. म्हणजे एका फेरीत साडेतीन हजार टनांच्या आसपास. वीजकेंद्रांसाठी खालून उघडणाऱ्या बीओबीआर वाघिणी असतात. हॉपरवर गाडी हळूहळू चालत राहते आणि कोळसा खाली पडत जातो, थांबायचे कामच नाही.

वर कुणीतरी कोळसा आपोआप पेटतो असे लिहिलेय. त्यात अतिशयोक्ती नाही. उन्हाळ्यात भरलेला रेक दोन-तीन दिवस अडकला की एखाद्या वाघिणीतून धूर निघायचा. कंट्रोलला (गाड्यांची वाहतूक सांभाळणाऱ्या कक्षाला) कळवायचे, वाघीण वेगळी काढायची, पाणी मारायचे. नवीन पोरे घाबरायची, जुने पॉइंट्समन आधी चहा संपवायचे.

आता खरी अडचण. ताडाळीला घुग्घुसची लाइन येऊन मिळते, माजरीला वणीची. साइडिंगमधून (खाणीतल्या भरणीच्या रुळावरून) बाहेर पडलेला प्रत्येक रेक मुख्य लाइनवर शिरतो, आणि त्याच लाइनवरून उत्तर–दक्षिण धावणाऱ्या सगळ्या एक्स्प्रेस. सुटायला जड, थांबायला जड असा कोळशाचा रेक आणि त्याच्यामागे ताशी शंभरच्या पुढे येणारी राजधानी. कंट्रोलवाल्याला बिपीच्या गोळ्या लागणारच. १९८० च्या दशकाच्या शेवटी वीज आली तेव्हा थोडा श्वास मिळाला. आता सेवाग्राम–बल्लारशाह तिसरी लाइन टप्प्याटप्प्याने होतेय, १३२ किलोमीटर. ती पूर्ण व्हायच्या आतच मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चौथीलाही मंजुरी दिली. म्हणजे १८७७ मध्ये एका खाणीसाठी टाकलेल्या एकेरी रुळाच्या जागी चार लाइनी.

पऱ्हाटी

चौथी लाइन कापसासाठी नाही हे मान्य करते. हरले :)

पण काका, एक विचारू? प्रवासी गाडी बाजूला उभी करून कोळशाचा रेक पुढे काढायचा, हे खरंच ठरवून व्हायचं का?

जुनी_केबिन

रोज नाही. नियम सांगतो प्रवासी गाडी आधी. पण वीजकेंद्रात साठा तीन-चार दिवसांवर आला की वरून फोन येतात आणि मग पॅसेंजर उभी राहते. एक्स्प्रेस सहसा नाही. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये तर देशभर शेकडो प्रवासी फेऱ्याच रद्द केल्या, कोळशाच्या गाड्यांना रस्ता मिळावा म्हणून. ज्या माणसाला हिंगणघाटहून चंद्रपूरला कमी भाड्यात जायचे असते, त्याचीच गाडी अशा वेळी आधी रद्द होते.

मीरा_चां

म्हटल्याप्रमाणे आले.

या धाग्यात सगळे कोळसा कुठे गेला ते सांगताहेत. तो जिथून गेला तिथे काय झाले तेही लिहिले पाहिजे. बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, माजरी, वणी या सगळ्या पट्ट्यात आधी भूमिगत खाणी होत्या, नंतर बहुतेक काम खुल्या खाणींवर आले. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स, मुख्यालय नागपूर. नोकऱ्या आल्या हे नाकारत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील खाणीत होते. आंध्र, बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड इथून माणसे आली, बल्लारशाहच्या फलाटावर अजूनही पाच भाषा ऐकू येतात.

मग चंद्रपूरचे वीजकेंद्र. कोळसा लांब नेण्यापेक्षा वीज नेलेली बरी म्हणून १९८० च्या दशकात ते खाणींना लागूनच उभे केले. आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट. वीज मुंबई-पुण्याला, राख आम्हाला. ही माझी तक्रार नाही, नोंद आहे: २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे होते. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि मग आम्ही.

म्हणून रुळावरचा, तुमच्या 'लाइन खाणीमागून खाणीकडे सरकत गेली' या वाक्यात एक भर. लाइन सरकली की आधीचे गाव सोडून दिले जाते. वरोऱ्याची खाण बंद झाल्यावर तिथल्या मजुरांचे काय झाले, हे कुठल्या गॅझेटियरमध्ये असेल असे वाटत नाही. टनांचे आकडे मात्र असतील.

रुळावरचा

मीरा, हे लिहायला हवे होते आणि मी ते लिहिले नाही कारण मला रूळ दिसतात, माणसे उशिरा दिसतात. एका बाबतीत मात्र थोडा वाद घालतो. लाइनने वरोरा सोडले नाही. खाण गेली तरी स्टेशन राहिले, आणि १९२९ नंतर तर दिल्ली-मद्रासच्या गाड्या दारावरून जाऊ लागल्या. मध्य प्रदेशात गाडरवाऱ्याजवळच्या मोहपानीचे बघा. तीही त्याच पिढीतली कोळशाची खाण, तिच्यासाठीही फाटा काढलेला. पण पुढे जोडायला काही नव्हते, म्हणून ते नाव आज रेल्वेप्रेमींशिवाय कुणी घेत नाही.

मीरा_चां

दारावरून जाणारी गाडी आणि दारात थांबणारी गाडी यात फरक असतो. एवढेच म्हणते.

सिंगरेणीकर

तेलंगणातून. आजोबा बल्लारपूरचे, मी बेल्लमपल्लीत वाढलो. मराठी लिहिण्यात चुका असतील तर सांभाळा.

रुळावरचा यांनी निजामाची बाजू एका वाक्यात संपवली. आमच्याकडे कोळशाची सुरुवात येल्लंदूपासून. तिथे डोर्नकलहून फाटा गेला, आणि १८८९ पासून कोळसा निघू लागला. नाव सिंगरेणी. पण बेल्लमपल्लीची खाण १९२० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, म्हणजे नेमकी काझीपेठ–बल्लारशाह लाइन बांधली जात असताना. तुमच्याकडून कोळसा रुळाला घेऊन खाली आला, आमच्याकडे रूळ आला आणि त्याने कोळसा उघडला. मंचेरियाल, रामगुंडम, सगळे त्याच लाइनवर.

भूस्तर यांनी सांगावे: वर्धा खोरे आणि प्राणहिता–गोदावरी खोरे हा एकच पट्टा आहे ना?

भूस्तर

होय, एकच सलग गोंडवाना पट्टा आहे, वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते, खालचे खडकही त्याच दिशेने जातात. त्यामुळे मूळ लेखात थोडी दुरुस्ती सुचवतो. मार्ग योजून केलेला नाही हे खरे, पण योगायोगही नाही. वरोरा ते मंचेरियाल हा रस्ता भूगर्भातल्या एकाच खोलगट पट्ट्यावरून गेला आहे. जमीन सपाट, मोठा घाट नाही, आणि खाली कोळसा. उत्तरेकडून आलेल्यांनी आणि दक्षिणेकडून आलेल्यांनी एकमेकांना न विचारता तोच रस्ता धरला असता.

रुळावरचा

ही दुरुस्ती आनंदाने घेतो. 'योजून नाही, पण योगायोगही नाही' हे मूळ लेखात टाकतो, तुमच्या नावाने.

वरोरेकर_भाऊ

अन् वणीचं राहूनच गेलं बावा.

जुनी_केबिन

वणीचे मी सांगतो, थोडक्यात. माजरीहून वर्धा नदी ओलांडून वणी–राजूरकडे जाणारा फाटा हा मुळात राजूरच्या खाणींचा. बरीच वर्षे तो तिकडेच संपत होता, अगदी वरोऱ्यासारखा. पुढे तो पिंपळखुटीवरून आदिलाबादला जोडला गेला आणि नांदेडकडचा रस्ता मोकळा झाला. नंदिग्राम एक्स्प्रेस तिथूनच जाते. म्हणजे कोळशाच्या फाट्याची प्रवासी लाइन होण्याचा प्रकार याच सेक्शनवर दोनदा झाला. घुग्घुसच्या फाट्यावर मात्र अजून कोळसा आणि सिमेंटच चालते.

कुणाला माजरी जंक्शन बघायचे असेल तर रात्री जाऊ नका, काही दिसत नाही. सकाळी लवकर पोचा आणि पादचारी पुलावर थांबा, वणीकडून येणारा रेक मुख्य लाइनला कसा घेतात ते वरून नीट दिसते. पुलावर रेलिंगला हात लावाल तर रुमाल जवळ ठेवा.